विद्यापीठाची छळ व गैरवर्तन तक्रार सेवा : नोंदणी उत्तम, त्यानंतरचा संवाद अपुरा

आमच्या विद्यापीठाने छळ, भेदभाव आणि गैरवर्तन यांच्या तक्रारींसाठी सुरू केलेली ऑनलाइन सेवा मी दोन नात्यांनी वापरली आहे. आधी एका कनिष्ठ संशोधक सहकारी तरुणीला सोबत म्हणून आणि पुढे त्याच प्रकरणात साक्षीदार म्हणून. प्रकरण गोपनीय असल्यामुळे विद्यापीठाचे नाव, विभाग आणि संबंधितांची ओळख पटेल असा कोणताही तपशील येथे देत नाही. तरीही ही सेवा कशी चालते, कोठे आधार देते आणि कोठे माणसाला एकटे पाडते, हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. अशा सेवांविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक संस्थांच्या माहितीपत्रकांतून मिळते; ज्यांनी ती वापरली ते बोलत नाहीत, आणि त्यांनी न बोलण्याची कारणेही समजण्यासारखी असतात. माझे मत आधीच सांगते. तक्रार नोंदवण्यापर्यंतचा भाग मी पाहिलेल्या कोणत्याही कार्यालयीन व्यवस्थेपेक्षा अधिक विचार करून बांधलेला आहे. नोंद झाल्यानंतर मात्र तक्रारदाराला काय कळणार, केव्हा कळणार आणि कोणाकडून कळणार, याची जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि या विषयात ती उणीव साधी नाही.

सेवेच्या पहिल्याच पानावर दोन मार्ग दिलेले आहेत. एका मार्गाने नाव देऊन सल्लागाराशी बोलता येते, दुसऱ्याने नाव न देता घटना नोंदवता येते. पहिल्या मार्गाखाली ठळक अक्षरांत लिहिले आहे की सल्लागाराशी बोलणे म्हणजे तक्रार करणे नव्हे, आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय चौकशी सुरू होणार नाही. केवळ कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तरच याला अपवाद केला जाईल. बाहेरच्या माणसाला हे वाक्य किरकोळ वाटेल. पण ज्या विद्यार्थिनीच्या प्रगती अहवालावर, शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीवर आणि पुढच्या नोकरीच्या शिफारसपत्रावर एकाच माणसाची सही लागते, तिच्यासाठी त्या माणसाविषयी पहिला शब्द उच्चारणे हेच सर्वांत अवघड असते. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींनी २०१८ साली विज्ञानक्षेत्रातील महिलांच्या लैंगिक छळावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांच्यातील हे एकहाती अवलंबित्व सैल करावे, अशी स्पष्ट शिफारस आहे. तक्रार सेवा काही ते अवलंबित्व दूर करू शकत नाही. परंतु 'आधी बोला, मग ठरवा' एवढी मोकळीक देऊन ती निदान त्याची दखल घेते. माझी सहकारी कितीतरी दिवस गप्प होती, आणि ती बोलती झाली ती या एका वाक्यामुळे, असे तिने मला नंतर सांगितले.

फॉर्ममधील व्याख्यांचा भागही चांगला आहे. छळ म्हणजे काय, हे तेथे कलमांच्या भाषेत न सांगता प्रसंगांच्या भाषेत सांगितले आहे. वारंवार सर्वांसमोर अपमान करणे, एखाद्याच्या जातीवरून, वंशावरून, लिंगावरून किंवा अपंगत्वावरून शेरे मारणे, नकार दिल्यानंतरही संदेश पाठवत राहणे, कामाच्या मोबदल्यात जवळीक मागणे, खासगी छायाचित्रे पसरवणे, अशी उदाहरणे दिली आहेत. वर उल्लेख केलेल्या अहवालातही असे नोंदवले आहे की लैंगिक छळाच्या प्रकारांत सर्वाधिक आढळतो तो लिंगावरून हिणवण्याचा आणि वगळण्याचा प्रकार. शारीरिक जवळिकीची मागणी त्या मानाने कमी आढळते. लोकांच्या मनात मात्र नेमके उलटे चित्र असते, आणि 'मला कोणी हात लावलेला नाही, मग तक्रार कशाची करू?' असे म्हणून अनेकजणी मागे फिरतात. सेवेने ही समजूत पहिल्याच पानावर दूर केली आहे, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

पुढच्या पानावर मात्र पहिली अडचण येते. घटनेचा प्रकार निवडण्यासाठी जी यादी उघडते, तिच्यातून एकच प्रकार निवडता येतो. लैंगिक गैरवर्तन, दादागिरी, भेदभाव, संशोधनातील गैरप्रकार, असे वेगवेगळे कप्पे आहेत. प्रत्यक्षात हे सारे एकमेकांत गुंतलेले असते. रात्री उशिरा येणारे संदेश, त्यांना उत्तर न दिल्यानंतर गटाच्या बैठकीत सुरू झालेली हेटाळणी, आणि काही आठवड्यांनी शोधनिबंधाच्या लेखकांच्या यादीतून गायब झालेले नाव, ही एकच साखळी आहे. तिचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा क्षुल्लक दिसतो. आमच्या बाबतीत 'लैंगिक गैरवर्तन' निवडल्यामुळे लेखकांच्या यादीचा मुद्दा संशोधन नीतिमत्तेच्या कक्षाकडे स्वतंत्रपणे नोंदवा, असे उत्तर आले. म्हणजे दोन कार्यालये, दोन फॉर्म आणि दोन वेगवेगळे अधिकारी, ज्यांच्यापैकी एकालाही पूर्ण हकीकत ठाऊक नाही. एकाहून अधिक प्रकार निवडण्याची सोय देणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. ती दिलेली नाही, याचा अर्थ फॉर्म तयार करताना कार्यालयांची विभागणी डोळ्यांसमोर होती आणि तक्रारदाराचा अनुभव नव्हता, असाच मी घेते.

तांत्रिक बाजूबद्दल आणखी दोन गोष्टी. प्रत्येक पानावर 'तत्काळ बाहेर पडा' असे बटण आहे. ते दाबताच पान बंद होऊन हवामानाचे पान उघडते. प्रयोगशाळेतील सामायिक संगणकावर किंवा वसतिगृहाच्या खोलीत फॉर्म भरणाऱ्याला याची किंमत कळेल. पण ज्यांनी एवढा विचार केला, त्यांनीच पोचपावतीच्या ईमेलचा विषय 'लैंगिक गैरवर्तनाची तक्रार प्राप्त झाली' असा ठेवला आहे. फॉर्म पाठवल्यावर मिनिटभरात माझ्या सहकारीचा टेबलावर ठेवलेला फोन उजळला आणि कुलूपबंद पडद्यावर ही पूर्ण ओळ, पाठवणाऱ्या कक्षाच्या नावासह, शेजारी बसलेल्या कोणालाही वाचता येईल अशी झळकली. तिने फोन उलटा केला. त्यानंतर तिने तक्रारीसाठी वेगळे ईमेल खाते उघडले आणि पुढचा सारा पत्रव्यवहार त्यावर घेतला. विषयाच्या ओळीत केवळ नोंद क्रमांक लिहिला असता तर हे टळले असते. ही बाब आम्ही लेखी कळवली आहे. हे लिहीपर्यंत ती ओळ बदललेली नाही.

सल्लागाराशी झालेली पहिली भेट हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. भेट प्रत्यक्ष हवी की फोनवर, सल्लागार स्त्री हवी की पुरुष, सोबत कोणी हवे का, हे आधीच विचारले गेले. ज्या बाई भेटल्या त्यांनी हकीकत ऐकण्यापूर्वी स्वतःची मर्यादा सांगितली : 'तुम्ही जे सांगाल ते माझ्याकडे राहील, पण एखाद्याच्या जिवाला धोका आहे असे मला वाटले तर मला ते वर कळवावे लागेल, आणि तसे करण्यापूर्वी मी तुम्हाला सांगेन.' हा खुलासा आधी होणे फार महत्त्वाचे आहे. काही देशांतील विद्यापीठांत, विशेषतः अमेरिकेत, अनेक प्राध्यापकांवर आणि कर्मचाऱ्यांवर छळाची कानावर आलेली माहिती संबंधित कार्यालयाला कळवण्याचे बंधन असते, आणि समुपदेशकासारख्या मोजक्याच व्यक्तींना ती स्वतःपाशी ठेवता येते. विद्यार्थिनीला हा फरक ठाऊक नसतो. ती विश्वासाने एखाद्या शिक्षिकेजवळ मन मोकळे करते आणि दुसऱ्या दिवशी तिला अधिकृत पत्र येते. तेव्हा कोण ऐकून घेतो आणि कोणाला पुढे कळवावेच लागते, हे बोलण्यापूर्वी समजणे हा तक्रारदाराचा हक्क मानला पाहिजे.

त्या बाईंनी घाई केली नाही. तारखा आठवत नसतील तर परीक्षा, परिषद, सुटी अशा खुणा सांगितल्या तरी चालेल, असे त्या म्हणाल्या, आणि त्या खुणांवरून त्यांनीच घटनांचा क्रम कागदावर लावून दिला. 'तुम्ही तेव्हाच का सांगितले नाही?' हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. बैठकीनंतर त्यांनी पर्याय लिहून पाठवले : केवळ समुपदेशन आणि अभ्यासात सवलत, मार्गदर्शक बदलण्याची व्यवस्था, औपचारिक तक्रार, आणि स्वतंत्रपणे पोलिसांकडे जाण्याचा मार्ग. प्रत्येक पर्यायाखाली तो निवडल्यास समोरच्या व्यक्तीला काय कळेल, हे एका वाक्यात लिहिले होते. आपसात समेट घडवण्याचा पर्यायही नियमांत आहे. पण दोघांच्या अधिकारांत एवढी तफावत असताना तो मी सुचवणार नाही, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. शासकीय धाटणीच्या व्यवस्थेत इतके सरळ मत देणारी व्यक्ती क्वचितच भेटते.

निनावी नोंदीचा मार्ग मी स्वतः वापरलेला नाही, पण आमच्या विभागातील ज्या एकाने तो वापरला त्याच्याशी मी बोलले आहे. या मार्गाबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. ज्या व्यक्तीवर आरोप आहे तिला आरोप काय आहे, कोणी केला आहे आणि कोणत्या प्रसंगाबद्दल आहे हे कळल्याशिवाय तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई करणे न्यायाला धरून होणार नाही, म्हणून निनावी नोंदीवरून सहसा चौकशी होत नाही. तिचा उपयोग वेगळा आहे : एकाच प्रयोगशाळेविषयी, एकाच वसतिगृहाविषयी पुन्हा पुन्हा नोंदी येऊ लागल्या तर संस्थेला पाहणी करता येते, प्रशिक्षण घेता येते, प्रमुखांशी बोलता येते. हे सेवेच्या पानावर लिहिलेले आहे, मात्र फॉर्म भरून झाल्यानंतरच्या पानावर. ते आधी असायला हवे होते. शिवाय निनावी नोंद करणाऱ्याला कोणताही क्रमांक मिळत नाही. पुढे धीर आल्यावर तीच नोंद नावानिशी पुढे न्यायची असेल तर सारे पहिल्यापासून लिहावे लागते.

यावर उपाय उपलब्ध आहेत. अमेरिकेत २०१५ पासून काही महाविद्यालयांत वापरात आलेल्या कॅलिस्टो या प्रणालीची कल्पना अशी की पीडित व्यक्ती आपली हकीकत तारखेसह लिहून सुरक्षित ठेवू शकते, आणि त्याच व्यक्तीविरुद्ध दुसऱ्या कोणी नोंद केली तरच ती पुढे जावी, अशी अट घालू शकते. 'फक्त माझ्याच बाबतीत घडले असेल तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?' ही भीती लोकांना सर्वांत जास्त मागे ओढते, आणि ही रचना नेमकी त्या भीतीला उत्तर देते. आमच्या प्रकरणात चौकशी सुरू झाल्यानंतर आणखी दोघीजणी पुढे आल्या. त्यांतली एक आधीच विद्यापीठ सोडून गेली होती. त्यांच्या हकीकती अशा ठिकाणी जपून ठेवलेल्या असत्या तर हे प्रकरण किती आधी उभे राहिले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता औपचारिक तक्रारीनंतरच्या टप्प्याकडे येते, कारण माझी खरी नाराजी तेथे आहे. तक्रार दाखल होताच सल्लागार बाजूला होतात आणि प्रकरण चौकशी कक्षाकडे जाते. हे विभाजन तत्त्वतः योग्य आहे. आधार देणारा आणि न्याय करणारा एकच असू नये. पण या हस्तांतरात सल्लागारांनी एवढ्या काळजीने लावून दिलेला घटनाक्रम चौकशी कक्षाकडे गेलाच नाही. तेथे सहकारीला हकीकत पुन्हा सांगावी लागली, आणि चौकशी समिती बसल्यावर आणखी एकदा. प्रत्येक वेळी सांगण्यात थोडा फरक पडतो, कोणाचाही पडतो, आणि मग त्या फरकावर बोट ठेवले जाते. पहिले लेखी निवेदन तिच्या संमतीने मूळ दस्तऐवज म्हणून पुढे दिले असते आणि नंतर केवळ खुलासे विचारले असते, तर तिचा त्रास वाचला असता आणि चौकशीही अधिक भक्कम झाली असती.

त्यानंतर कित्येक आठवडे काहीच कळले नाही. विचारणा केली की 'प्रक्रिया सुरू आहे' एवढे उत्तर येई. ज्या मजल्यावर ती रोज काम करते, त्याच मजल्यावर समोरची व्यक्तीही काम करते. त्या व्यक्तीला तक्रारीची प्रत मिळाली आहे की नाही, हे तिला माहीत नव्हते. लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी आत कोण आहे ते पाहावे, जेवणाची वेळ बदलावी, ग्रंथालयात दाराकडे तोंड करून बसावे, अशी तिची दिनचर्या होऊन गेली. 'प्रत आज दिली' एवढे एका ओळीत कळवण्याने चौकशीच्या गोपनीयतेला कोणताही धक्का लागत नाही.

अशा चौकशीला मुदती घालता येत नाहीत, असे कोणी म्हटले तर ते मला पटत नाही. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत प्रत्येक टप्प्याचे दिवस ठरवून दिलेले आहेत : तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत तिची प्रत समोरच्या व्यक्तीला द्यायची, तिने १० दिवसांत उत्तर द्यायचे, चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची, त्यानंतर १० दिवसांत अहवाल द्यायचा, आणि निष्कर्षांची प्रत दोन्ही पक्षांना द्यायची. प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर समितीत निवडून आलेल्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावेत, अशीही त्यात तरतूद आहे. हे सगळीकडे तंतोतंत पाळले जाते असे माझे म्हणणे नाही. पण दिवस कागदावर असले की विचारणा करणाऱ्याच्या हाती काहीतरी असते. इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणाच्या नियामकाने ऑगस्ट २०२५ पासून विद्यापीठांवर अशी अट घातली आहे की छळ आणि लैंगिक गैरवर्तनाविषयीची सर्व माहिती एकाच ठिकाणी सहज सापडेल अशी प्रसिद्ध करावी; विद्यार्थ्यांना गप्प बसवणारे गोपनीयतेचे करार करण्यासही त्याने मनाई केली आहे. ऑस्ट्रेलियात २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर सहा विद्यार्थ्यांपैकी एकाने विद्यापीठात आल्यापासून लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते. तेथे फेब्रुवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय लोकपाल काम करू लागला आहे, ज्याच्याकडे विद्यापीठाच्या हाताळणीविरुद्धच दाद मागता येते. आमच्या सेवेच्या पानावर अशी बाहेरची दाद कोठे मागायची, याचा उल्लेखसुद्धा नाही.

निकालाबाबतही असेच झाले. तक्रार 'अंशतः सिद्ध' झाली असल्याचे सहकारीला कळवण्यात आले, पण कोणता अंश सिद्ध झाला आणि काय कारवाई झाली, हे समोरच्या व्यक्तीच्या खासगीपणाचे कारण देऊन सांगण्यात आले नाही. त्या व्यक्तीचा खासगीपणा जपला पाहिजे, हे मी मान्य करते. चौकशीत त्यांना आरोपांची प्रत, उत्तरासाठी पुरेसा वेळ आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची संधी मिळाली, आणि ते योग्यच झाले. परंतु आपल्याला पुन्हा त्यांच्या हाताखाली काम करावे लागेल का, ते आपल्या परीक्षण समितीवर असतील का, ते आपल्याशी संपर्क साधू शकतात का, या तीन प्रश्नांची उत्तरे तक्रारदाराला मिळालीच पाहिजेत, कारण त्यांच्यावर तिचे पुढचे वर्ष अवलंबून असते. ती उत्तरे आम्हाला विभागप्रमुखांकडून तोंडी मिळवावी लागली.

चौकशी चालू असताना मिळणाऱ्या संरक्षणाविषयी सेवेच्या पानावर चांगले लिहिले आहे, अंमल मात्र उलट्या बाजूने होतो. जागा बदलण्याचा प्रस्ताव आला तो तक्रारदारासाठी : तिने दुसऱ्या इमारतीत बसावे, उपकरणे ठरावीक वेळीच वापरावीत. काम तिचे अडले. आम्ही लेखी हरकत घेतल्यावर वेळांची विभागणी दोघांवर सारखी करण्यात आली. हरकत घेतल्यास फरक पडतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. सूडबुद्धीने वागल्यास कळवा, असे एक वाक्य पानावर आहे, पण ते कळवण्याचा वेगळा मार्ग नाही. आणि असा सूड फारसा उघड नसतो. बैठकीचे निमंत्रण येत नाही, मसुद्यावर अभिप्राय येत नाही, शिफारसपत्र दोन ओळींचे येते. यांतली कोणतीही एक गोष्ट घेऊन नवी तक्रार करणे कोणालाही जमणार नाही. त्यासाठी सल्लागारांनी ठरावीक अंतराने स्वतःहून विचारपूस करायला हवी.

साक्षीदार म्हणून माझा स्वतःचा अनुभव थोडक्यात सांगते. जबाबाची प्रत वाचून दुरुस्ती करण्याची संधी मिळाली, प्रश्न मुद्द्याचे होते, वागणूक आदराची होती. फक्त माझा जबाब समोरच्या व्यक्तीला माझ्या नावासह दाखवला जाईल, हे मला सही करण्याच्या वेळी सांगण्यात आले. मी सही केली, आणि पुन्हा करेन, पण जी साक्षीदार माझ्यापेक्षा कनिष्ठ आहे आणि जिची नेमणूक कंत्राटी आहे, तिला हे बोलावण्याच्या पत्रातच कळले पाहिजे.

एवढे सगळे असूनही ही सेवा वापरू नका असे मी कोणालाही सांगणार नाही. पहिली पायरी म्हणून सल्लागाराची भेट जरूर घ्यावी. तिच्यात गमावण्यासारखे काही नाही. जाण्यापूर्वी काही तयारी मात्र करावी. मूळ संदेश आणि ईमेल फोनवरून पुसू नयेत, स्क्रीनशॉट घेताना तारीख आणि पाठवणाऱ्याचे नाव दिसेल असा घ्यावा, आणि प्रती विद्यापीठाच्या खात्याबाहेर ठेवाव्यात, कारण अभ्यासक्रम संपला की ते खाते बंद होते. घटना घडली त्याच दिवशी काय झाले आणि ते कोणाला सांगितले, हे चार ओळींत लिहून ठेवावे. मोठे निवेदन थेट फॉर्ममध्ये टंकू नये. बराच वेळ हालचाल झाली नाही की पान आपोआप बंद होते आणि लिहिलेले जाते, म्हणून आधी दुसरीकडे लिहून मग चिकटवावे. तक्रारीसाठी वेगळा ईमेल पत्ता द्यावा. प्रत्येक बैठकीला विश्वासातले कोणी तरी सोबत न्यावे आणि बैठक संपल्यावर काय ठरले ते ईमेलने कळवून त्याची लेखी पुष्टी मागावी. तक्रारीची मुदत आपल्या विद्यापीठात किती आहे हे पहिल्याच भेटीत विचारावे. वर सांगितलेल्या भारतीय विनियमांत शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांची मुदत आहे आणि कारण पटल्यास समिती ती आणखी ३ महिन्यांपर्यंत वाढवू शकते. इतरत्र ती वेगळी असू शकते.

सेवा चालवणाऱ्या कक्षाला मी हे परीक्षण पाठवले आहे. त्यांच्या वार्षिक अहवालात आज फक्त आलेल्या तक्रारींची संख्या असते. कितींची चौकशी झाली, सरासरी किती दिवस लागले, किती तक्रारदारांनी मध्येच तक्रार मागे घेतली आणि त्यांतील कितीजणांनी शिक्षण सोडले, हे आकडे पुढच्या अहवालात द्यावेत, अशी मागणी आम्ही काही संशोधकांनी सही करून केली आहे. ते आकडे आल्यावर या परीक्षणात भर घालीन.